निकाल कोर्टाचा, कारण वकिलाचं : राज्यक्रांतीपूर्वीचे फ्रेंच निकालसंग्रह

अनुजा_लिआँ

नमस्कार मंडळी. मी लिआँमध्ये जुन्या पुस्तकांच्या बांधणीचं आणि डागडुजीचं काम शिकतेय. गेले दोन महिने टेबलावर एकच जाडजूड पुस्तक आहे आणि त्यानं मला पुरतं वेड लावलंय. जॉर्ज लुए यांनी जमवलेले पॅरिसच्या पार्लमाँचे निकाल आणि त्यांवर ज्युलियाँ ब्रोदो यांच्या टिपा. संग्रह पहिल्यांदा १६०२ साली छापला गेला. माझ्याकडे आलेली प्रत सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातली, फोलिओ म्हणजे मोठ्या आकाराची. वासराच्या कातड्याची बांधणी, पाठीवर दोऱ्यांचे पाच उंचवटे, पुठ्ठा आणि पाठ जिथे मिळतात तिथलं कातडं फाटलेलं. आतला कागद मात्र अजून खणखणीत. चिंध्यांपासून केलेला कागद असाच टिकतो.

आधी एक खुलासा, कारण नावामुळे घोटाळा होतो. पार्लमाँ म्हणजे संसद नव्हे. ते राजाच्या नावानं न्याय देणारं वरिष्ठ न्यायालय. पॅरिसचं सर्वांत जुनं आणि सर्वांत मोठं, मग तुलूझ, ग्रनोब्ल, बोर्दो, दिजाँ, रुआँ, एक्स, रेन अशी वाढत वाढत १७८९ पर्यंत तेरा झाली. त्यांच्या निकालाला म्हणायचं 'आरे', आणि ते जमवून छापणाऱ्याला 'आरेतिस्त'.

आता पान कसं दिसतं ते सांगते. वर लुएंचा मजकूर, बऱ्याचदा अगदी थोडक्यात. त्याखाली बारीक टायपात ब्रोदोंची टीप सुरू होते ती पान उलटलं तरी संपत नाही. समासात त्याहून बारीक अक्षरांत संदर्भ. विषय वर्णक्रमानं लावलेले, म्हणून त्या काळचे वकील 'लुए, अक्षर डी, अमुक क्रमांक' असा दाखला द्यायचे. आणि या सगळ्याच्या भोवती, शाई तपकिरी पडलेली, कुणा जुन्या मालकाची हाताची टिपणं. बहुतेक वकील असावा. एका निकालाशेजारी त्यानं फक्त 'विरुद्ध' असा शब्द आणि एक तारीख लिहिलीय.

मला दोन गोष्टी इथल्या जाणकारांना विचारायच्या आहेत.

पहिली : इतकी पानं वाचली, पण न्यायालयानं असा निकाल *का* दिला हे कोर्टाच्या तोंडून कुठेच सापडत नाही. जे सापडतं ते लुए किंवा ब्रोदो सांगतात म्हणून. माझं काही चुकतंय का?

दुसरी : ब्रोदोंच्या टिपेत एक निकाल फेब्रुवारी १५५० चा म्हणून दिलाय. तोच खटला, तेच पक्षकार, नंतरच्या एका कोशात फेब्रुवारी १५५१. छापण्यातली चूक म्हणावी, तर असं मला तीन ठिकाणी दिसलं. तिन्ही वेळा फरक बरोबर एका वर्षाचा. या तारखेशेजारी मालकानं काहीतरी लिहिलंय, 'आव्ह. पास्क.' असं वाचता येतं. आव्ह. म्हणजे आव्होका, वकील, असं मी धरलंय. पास्क नावाचा कुणी वकील असावा. पण त्या खटल्यात या नावाचा कुणी दिसत नाही.

दिवाणी_दाखला

अनुजाताई, सुंदर विषय. मी तालुका आणि जिल्हा कोर्टात दिवाणी बाजू चालवतो, सत्तावीस वर्षं झाली. तुमचा पहिला प्रश्न वाचून मी थबकलो. कारण न देता निकाल? आमच्याकडे कारणं न लिहिलेली ऑर्डर अपिलात गेली की पहिला मुद्दा तोच असतो. वरचं कोर्ट ती परत पाठवतं : कारणं लिहा आणि मग बोला. आणि आम्ही दाखला देतो तो निकालाचा नसतो, निकालामागच्या तत्त्वाचा असतो. कारणच नसेल तर त्या संग्रहांचा वकिलाला उपयोग काय होता? खरंच समजून घ्यायचं आहे.

अनुजा_लिआँ

वकीलसाहेब, तुमच्या प्रश्नामुळे मी इथल्या एका निवृत्त प्राध्यापिकेला गाठलं. त्यांनी दोन तास दिले. त्यांचं सार माझ्या शब्दांत :

माझं चुकत नव्हतं. न्यायाधीशांची खल करण्याची बैठक गुप्त. बाहेर बोलायचं नाही, अशी शपथ. आणि वरिष्ठ न्यायालय राजाच्या वतीनं बोलतं, तेव्हा त्यानं कुणाला कारण द्यावं, अशी समजूत. म्हणून आरे म्हणजे पक्षकारांची नावं, मागण्या, आणि शेवटी आदेश. बस.

मग आरेतिस्त काय करायचा? तो कोर्टात बसायचा. दोन्ही बाजूंचे वकील काय म्हणाले ते टिपायचा. राजाचे वकील, म्हणजे सरकारी बाजू, शेवटी उभे राहून खटल्याचं विवेचन करायचे, ते तर हमखास टिपायचा. निकाल त्यांच्या बाजूनं लागला की म्हणायचं, हेच कारण असणार. खटला तोंडी न चालता कागदावर चालला असेल तर एक न्यायाधीश सगळे कागद वाचून बाकीच्यांसमोर मांडायचा, त्याच्या टिपणांवर डोळा ठेवायचा. वकिलांची टिपणं बापाकडून मुलाकडे, गुरूकडून उमेदवाराकडे जायची. ती हस्तलिखितं विकलीही जायची. लुए स्वतः पार्लमाँमध्ये न्यायाधीश होते, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन. ब्रोदो वकील. त्यांनी लुएंच्या एका निकालाशेजारी तसेच आणखी पाच-सात निकाल रचायचे आणि त्यांच्यातून सूत्र ओढून काढायचं.

म्हणजे कारण होतं, पण ते कोर्टाचं नव्हतं. बाहेर उभ्या असलेल्या माणसानं लावलेलं होतं. एकाच निकालाला दोन संग्रहांत दोन कारणं सापडतात ती यामुळे.

मला यात सगळ्यांत जवळची वाटते ती जागा. पॅरिसच्या न्यायवाड्याचा मोठा दिवाणखाना, खांबांच्या दोन रांगा, आणि खांबाखांबाशी पुस्तकविक्रेत्यांच्या टपऱ्या. जुन्या मुखपृष्ठांवर पत्ताच तसा छापलाय : 'न्यायवाड्यात, मोठ्या दिवाणखान्याच्या पहिल्या खांबापाशी'. आत निकाल लागतो, बाहेर खांबाशी त्यावर चर्चा होते, आणि पुस्तक तिथेच विकलं जातं. १६१८ च्या आगीत तो दिवाणखाना जळाला, पुन्हा उभा राहिला, विक्रेते परत आले.

न्यायाधीशांनी कारण लिहिलंच पाहिजे हा नियम आला तो क्रांतीनंतर, ऑगस्ट १७९० च्या कायद्यानं. त्याच वर्षी पार्लमाँ बरखास्त झाली.

दिवाणी_दाखला

आता उलगडलं. म्हणजे ते पुस्तक म्हणजे कोर्टाचा आवाज नाही, बारची, म्हणजे वकीलमंडळींची, स्मरणशक्ती आहे. आमच्या बाररूममध्ये ज्येष्ठ मंडळी सांगतात ना, "अमुक साहेबांपुढे हा मुद्दा चालत नसे", तसली माहिती कुणीतरी अडीचशे वर्षं नीट लिहून ठेवली असती तर काय झालं असतं, असं वाटून गेलं.

रानवारा

+१, आणि वाचनखूण साठवली.

कारण न सांगण्याच्या या रिवाजाला एक थोर अपवाद आहे, म्हणून लिहितो. बऱ्याच जणांना गोष्ट माहीत असेल, पण ती मुळात निकालाचं पुस्तक म्हणून बाहेर आली हे थोड्यांना ठाऊक असतं.

आर्तिगा नावाचं पिरेनीजच्या पायथ्याचं गाव. मार्तँ गेर नावाचा शेतकरी १५४८ मध्ये घर सोडून निघून जातो. १५५६ मध्ये एक माणूस येतो, "मीच मार्तँ" म्हणतो. बायको बेरत्रांद, बहिणी, काका, गाव, सगळे त्याला स्वीकारतात. तीन वर्षांहून जास्त संसार होतो, मुलगी होते. मग काकाशी मालमत्तेवरून बिनसतं आणि खटला उभा राहतो. खालच्या कोर्टात दीडशेच्या आसपास साक्षीदार. काही म्हणतात हाच मार्तँ, काही म्हणतात हा आर्नो द्यु तिल, आणि बऱ्याच जणांना सांगताच येत नाही. गावचा चांभार साक्ष देतो : मार्तँचं माप बाराचं होतं, या माणसाचं नऊचं. पायाचा आकार इतका कसा घटेल?

अपील तुलूझच्या पार्लमाँत. कागद मांडणारे न्यायाधीश जाँ द कोरास. त्यांना आरोपीचं म्हणणं पटत चाललं होतं, निकाल त्याच्या बाजूनं झुकला होता. आणि तेवढ्यात लाकडी पायाचा एक माणूस कोर्टात येऊन उभा राहतो. खरा मार्तँ. १२ सप्टेंबर १५६० ला निकाल, चार दिवसांनी आर्नोला मार्तँच्याच घरासमोर फाशी.

कोरासनी पुढच्याच वर्षी, १५६१ मध्ये, लिआँला हा निकाल छापला. अनुजाताई, तुमच्याच गावात! निकालाचा मजकूर तुकड्या-तुकड्यानं दिलाय आणि प्रत्येक तुकड्याखाली कोरासांचं भाष्य : साक्षीला वजन किती, सारखेपणा म्हणजे काय, बायकोला दोष द्यावा का. आपण कसे फसणार होतो हे एका न्यायाधीशानं सही करून जगाला सांगितलं. मला तर त्या काळातली ही फार मोठी धैर्याची गोष्ट वाटते.

निकालातला एक भाग मला विशेष भावतो. आर्नोपासून झालेली मुलगी औरस ठरवली. आईचा समज प्रामाणिक होता, तिनं त्याला नवराच मानलं होतं, म्हणून लेकराला दोष लागत नाही.

प्रसिद्ध निबंधकार मोंतेन्य स्वतः बोर्दोच्या पार्लमाँत न्यायाधीश होते. त्यांनी हा खटला आठवून लिहिलंय की फाशीचा निकाल त्यांना फार धाडसाचा वाटला. कोर्टानं सरळ म्हणावं, 'न्यायालयाला यातलं काही कळत नाही', अशी सोय असायला हवी होती, असं त्यांचं म्हणणं. कोरास ह्यूगनो, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट, होते. ऑक्टोबर १५७२ मध्ये तुलूझमध्ये त्यांची हत्या झाली.

दिवाणी_दाखला

चांभाराची साक्ष वाचून अंगावर काटा आला. जमिनीच्या दाव्यात अशी साक्ष आली की आम्ही उलटतपासात विचारतो, "माप लिहून ठेवलं होतं का?" त्यानं ठेवलं असेल का हो? आणि औरसतेचा मुद्दा. आपल्याकडेही रद्द ठरलेल्या विवाहातल्या मुलांना कायदा औरस मानतो. हिंदू विवाह कायद्याचं कलम १६. विचार इतका जुना आहे हे माहीत नव्हतं.

मोडीवाचक

अनुजा, बाळ, तुझा दुसरा प्रश्न सगळ्यांनी सोडून दिला म्हणून मी घेतो. फ्रेंच मला येत नाही, पण तारखांशी आयुष्य गेलंय. एकाच घटनेचं साल दोन कागदांत एकानं पुढंमागं दिसलं आणि महिना जानेवारी, फेब्रुवारी किंवा मार्च असला, की पहिला प्रश्न विचारायचा : लिहिणाऱ्याचं नवं वर्ष कधी सुरू होत होतं? पेशवे दफ्तरात शुहूर सन मृगाला बदलतो, शक चैत्रात. मृगाच्या आधीचा कागद आणि नंतरचा कागद एकाच इंग्रजी सालातला असून सन वेगळा. नवखा माणूस हमखास फसतो. तुझे तिन्ही निकाल वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांतले आहेत का बघ.

अनुजा_लिआँ

काका, दोन फेब्रुवारीतले, एक मार्चमधला!!

रानवारा

मोडीवाचक काकांनी बिनचूक धरलं. सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पॅरिसमध्ये वर्ष ईस्टरला बदलायचं. १५६४ च्या राजाज्ञेनं वर्षाची सुरुवात १ जानेवारीला आणली आणि पॅरिसच्या पार्लमाँनं ते १५६७ पासून पाळलं. तेव्हा कोर्टाच्या दप्तरात 'फेब्रुवारी १५५०' म्हणजे आपल्या हिशेबानं फेब्रुवारी १५५१. ब्रोदोंनी दप्तरातलं साल तसंच ठेवलं, कोशवाल्यानं बदलून घेतलं. दोघेही बरोबर.

आणखी गंमतीची म्हणजे ईस्टर हलता सण आहे. २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यात कुठेही येतो. त्यामुळे एकाच वर्षात एप्रिलच्या काही तारखा दोनदा यायच्या : एकदा सुरुवातीला, एकदा शेवटी. मग कारकून 'ईस्टरनंतर' किंवा 'ईस्टरआधी' असं जोडून लिहायचे.

हस्तलिखितात अजून एक खड्डा : '7bre' हे आपल्या मनात '७वा महिना' होतं. तो सप्टेंबर, जुलै नव्हे. लॅटिनमध्ये सेप्टेम म्हणजे सात. 8bre ऑक्टोबर, तसंच पुढे.

चावडीवरून

मी पुदुच्चेरीला राहते, मूळची कोल्हापूरची. या धाग्यात भारताचा धागा जोडायचा राहिला तर मला झोप लागणार नाही, म्हणून लिहिते.

१७५९ मध्ये पॅरिसच्या पार्लमाँपुढे फ्रांसिस्क नावाच्या एका भारतीयाचा खटला आला. लहानपणी त्याला पाँडिचेरीत विकत घेतलं होतं, मालक त्याला फ्रान्सला घेऊन गेला. तिथे त्यानं स्वातंत्र्याची मागणी केली. नाविक न्यायालयात तो जिंकला आणि मालक अपिलात पार्लमाँकडे गेला. फ्रांसिस्कच्या वकिलांनी छापलेलं निवेदन आजही उपलब्ध आहे. त्याच्या मथळ्यातच तो 'जातीनं भारतीय, रोमन चर्चचा नवदीक्षित' असा येतो. अशी छापील निवेदनं, ज्यांना फाक्तुम म्हणत, हा आरेतिस्तांचा मोठा खजिना. अनुजाताईंनी सांगितलेलं 'कारण' बऱ्याचदा यातूनच उचललेलं असतं.

वकिलांचे मुद्दे दोन. एक, गुलामांना फ्रान्समध्ये आणायला परवानगी देणारे १७१६ आणि १७३८ चे राजादेश पॅरिसच्या पार्लमाँनं नोंदवूनच घेतले नव्हते, आणि जे नोंदवलं नाही ते इथे लागू नाही. दुसरा, ते आदेश 'निग्रो' गुलामांविषयी आहेत आणि हा माणूस भारतीय आहे. पहिला मुद्दा वाचून अभिमान वाटतो, दुसरा वाचताना पोटात कालवतं. एका माणसाला सोडवण्यासाठी दुसऱ्यांना मागे ढकलणारा युक्तिवाद. पार्लमाँनं फ्रांसिस्कला स्वतंत्र ठरवलं. कोणत्या मुद्द्यावर? कोर्टानं सांगितलं नाही. सगळा धागा ज्या गोष्टीवर चाललाय, ती इथे एका माणसाच्या आयुष्यावर येऊन थांबते. पहिल्या मुद्द्यावर सोडलं असेल तर ते दार सगळ्यांना उघडं. दुसऱ्यावर सोडलं असेल तर फक्त त्याला.

आणि माझ्या टोपणनावाचं कारण. पाँडिचेरीत फ्रेंचांचं स्थानिक लोकांचे दावे चालवणारं एक न्यायालय होतं. त्याचं फ्रेंच नाव 'ला शोद्री'. हा शब्द तमिळ 'चावडी'वरून आलाय. आपलीच चावडी! मी पहिल्यांदा ते फ्रेंच स्पेलिंग मोठ्यानं वाचलं तेव्हा आजोळच्या गावाची चावडी डोळ्यांसमोर आली. त्या न्यायालयाचे १७६६ ते १८१७ चे निवाडे छापले गेलेत. त्याच्या वरच्या, म्हणजे पाँडिचेरीच्या वरिष्ठ कौन्सिलच्या निकालांचे खंडही ज्ञानू दियागू यांनी १९३० च्या दशकात काढायला घेतले. वारसा, दत्तक, हुंडा, जातीतले मान. आपल्या वतनाच्या कागदांशी ओळख असेल तर वाचताना परकं वाटत नाही.

दिवाणी_दाखला

ताई, फ्रांसिस्कचा खटला वाचून दिवसभर तोच डोक्यात. आज बाररूममध्ये सांगितला, सगळे गप्प झाले. मला आता हे वाचायला शिकायचं आहे. फ्रेंच थोडं येतं, कॉलेजात घेतलं होतं. सुरुवात कुठून करू?

अनुजा_लिआँ

वकीलसाहेब, लुए-ब्रोदोपासून मुळीच करू नका. माझ्या अनुभवावरून सांगते :

दनिझार यांच्या संग्रहापासून करा. ते पॅरिसच्या शातले न्यायालयात वकिली कामकाज पाहत. अठराव्या शतकाच्या मध्यातलं पुस्तक, त्यामुळे भाषा सरळ, विषय वर्णक्रमानं, नोंदी आटोपशीर. गाजलेलं इतकं की आवृत्तीवर आवृत्ती निघत गेली. राज्यक्रांतीच्या सुमारास नव्यानं मांडलेली आवृत्ती निघत होती ती अर्धवटच राहिली. ब्रियाँ यांचा निकालकोश १७२७ च्या आवृत्तीत सहा फोलिओ खंडांचा आहे. शोधायला उत्तम, सलग वाचायला नाही. गोष्टीची आवड असेल तर गायो द पिताव्हाल यांचे गाजलेले खटले, १७३४ पासून वीस खंड. ते वकिलांसाठी नाहीत, सर्वसाधारण वाचकासाठी आहेत. दाखला म्हणून वापरू नका, पण दिवाळीच्या सुट्टीत जरूर वाचा.

मागे जायचं तर जाँ पापाँ. मोंब्रिझाँचे न्यायाधीश, संग्रह १५५६ मध्ये लिआँलाच छापलेला, एका नव्हे तर अनेक पार्लमाँचे निकाल विषयवार लावलेले. त्याहून मागे ग्वी पाप, ग्रनोब्लचे, लॅटिनमध्ये. त्यांचे निकाल १४९० मध्ये ग्रनोब्लला छापले गेले. आणि सगळ्यांच्या मुळाशी 'ओलिम', पॅरिसच्या पार्लमाँच्या १२५४ पासूनच्या नोंदवह्या. त्यांतल्या एकीची सुरुवातच 'ओलिम', म्हणजे 'पूर्वी', या शब्दानं होते, तेच नाव पडलं. बहुतेक सगळं फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गॅलिका या संकेतस्थळावर फुकट वाचता येतं.

अक्षरांची सवय लागायला आठवडा जातो. शब्दाच्या सुरुवातीचा आणि मधला 'एस' लांबट, 'एफ'सारखा दिसतो. फक्त आडवी रेघ पूर्ण जात नाही. रोमन कायद्याचा दाखला असेल तिथे दोन 'एफ' जोडून दिसतील. ते रोमन सम्राट जस्टिनियनच्या 'डायजेस्ट' या कायदासंकलनाचं चिन्ह. पानाच्या तळाशी उजवीकडे एक सुटा शब्द असतो, तो पुढच्या पानाचा पहिला शब्द. बांधणाऱ्यानं क्रम चुकवू नये म्हणून. मला तर त्यानंच वाचवलंय. माझ्या प्रतीत दोन पानं उलटी लागली होती.

मोडीवाचक

आमच्या बखरींच्या काही नकलांतही पानाखाली पुढच्या पानाचा शब्द लिहिलेला मी पाहिलाय. गरज तीच, युक्ती तीच. अनुजा, ते समासातलं काय झालं?

अनुजा_लिआँ

काका, काल रात्री तेच बघितलं. तिरका दिवा धरून, भिंगातून. 'आव्ह. पास्क.' आव्ह. म्हणजे आव्होका नाही. *आव्हाँ पास्क*. ईस्टरच्या आधी. पास्क हे 'पाक', म्हणजे ईस्टर, या फ्रेंच शब्दाचं जुनं लेखी रूप. पास्क नावाचा कुणी वकील नव्हताच. तीनशे वर्षांपूर्वी त्या माणसालाही दोन पुस्तकांत दोन सालं दिसली असणार, आणि त्यानं ते सोडवून पुढच्या वाचकासाठी तिथेच लिहून ठेवलं.

पुठ्ठ्याचं काम उद्या पूर्ण होईल. समासाच्या कडा चुरगळल्यात, त्या जपानी कागदानं जोडायच्या आहेत. शाईवर काही येऊ देणार नाही.